महिन्याला अडीच हजारात धड जेवण जमेल का? (कॉट बेसिस, फ्रिज नाही, गॅस नाही)

गोदाकाठ | १२ जून, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. वर्षभर नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी परभणी जिल्ह्यातला. दोन वर्षं झाली, पुण्यात नव्या पेठेत राहून एमपीएससीचा अभ्यास चालू आहे. मागच्या रविवारी अभ्यासिकेजवळ रक्तदान शिबिर होतं. मित्रांसोबत मीही रांगेत बसलो. बोटाला टोचलं आणि तिथल्या ताई म्हणाल्या, "दादा, तुम्ही देऊ नका, तुम्हालाच लागेल." हिमोग्लोबिन ११.२. रक्त द्यायला साडेबारा लागतं म्हणे. मित्र हसले, मीपण हसलो. बिस्किटाचा पुडा मात्र त्यांनी मलाही दिला. वय २६, वजन ५५.

घरून आठ हजार येतात. कॉटचे (खोलीतल्या एका खाटेचं भाडं) ३०००, अभ्यासिका १२००, मोबाइल-झेरॉक्स-टेस्ट सिरीज मिळून हजार-बाराशे. म्हणजे खाण्याला अडीच हजार. दोन वेळची मेस परवडत नाही म्हणून एक वेळची लावलीये, १७०० रुपये. वरणातून ताटाचा तळ दिसतो. रात्री वडापाव, पोहे, नाहीतर मॅगी.

रूमवर एक इंडक्शन, तीन लिटरचा कुकर आणि तवा आहे. गॅस मालक ठेवू देत नाहीत. भाकरी एकदा थापून बघितली, तव्यावरून उचलताना तिचे चार जिल्हे झाले.

अडीच हजारात अंगाला लागेल असं काय खाता येईल? ड्रायफ्रूट, ओट्स, पनीर सांगू नका, हात जोडतो.

---

नेहमीचाच | १२ जून, रात्री ११:५८

+१. वाचनखूण साठवली. वरणाच्या वर्णनावरून मेस ओळखली बहुतेक.

---

पांढरा_कोट | १३ जून, सकाळी ७:१०

खाण्याचं मंडळी सांगतीलच. पण आधी एक काम कर. २६ वर्षांच्या पुरुषाचं हिमोग्लोबिन ११.२ असेल तर सगळं खापर मेसवर फोडू नकोस. पोटात जंत, मूळव्याधीतून जाणारं रक्त, बी-१२ ची कमतरता, काहीही असू शकतं. मनपाच्या दवाखान्यात जा, पूर्ण रक्ततपासणी करून घे. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. एकदा खाली गेलेलं हिमोग्लोबिन नुसत्या पालेभाजीने वर यायला फार वेळ लागतो.

आणि बीटाचा रस लाल असतो म्हणून रक्त वाढतं, असं कोणी इथे लिहिणार असेल तर कृपया लिहू नका.

---

हिशेबी | १३ जून, सकाळी ९:३२

गोदाकाठ, तू चहा किती पितोस आणि कुठे?

---

गोदाकाठ | १३ जून, दुपारी १:०५

टपरीवर. सकाळी एक, जेवण झाल्यावर एक, संध्याकाळी एक. १२ रुपयांचा.

---

हिशेबी | १३ जून, दुपारी १:२०

तीन चहाचे रोज ३६, महिन्याचे १०८०. मेस १७००. रात्रीचं खाणं अगदी २५ रुपयांत भागवतोस असं धरलं तरी ७५०. बेरीज ३५३०. तुझा खाण्याचा खर्च अडीच हजार नाहीये, साडेतीन हजार आहे. वरचे हजार कुठून येतात?

---

गोदाकाठ | १३ जून, दुपारी २:४७

मित्रांकडून. महिनाअखेरीला घेतो, पहिल्या आठवड्यात देतो, मग परत घेतो.

असा कधी लिहूनच काढला नव्हता. अर्थशास्त्राच्या पेपरला राजकोषीय तूट पाठ करतोय आणि स्वतःची दिसली नाही.

पण दादा, चहा सोड म्हणू नका. सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत अभ्यासिकेत तोंड उघडायचं नसतं. माणसाशी बोलणं होतं ते टपरीवरच.

---

पांढरा_कोट | १३ जून, दुपारी ३:१५

सोडू नकोस. जेवण झाल्याझाल्याचा मात्र बंद कर. डाळ-भाकरीतून मिळणारं लोह शरीर मुळातच कमी शोषून घेतं, त्यावर लगेच चहा गेला की आणखी कमी. जेवणात लिंबू पिळलंस तर उलट जास्त शोषलं जातं. तास-दीड तासाने पी. टपरी कुठे पळून जात नाही.

---

सोलापुरी_काकू | १३ जून, रात्री ९:५०

बाळा, तुझं वाचून माझा धाकटा आठवला. तो पुण्यात होता तेव्हा मी त्याला असंच लिहून दिलं होतं. एका माणसाचा महिन्याचा हिशेब, आमच्याकडच्या भावाने. पुण्यात थोडं इकडेतिकडे होईल.

ज्वारी साडेसात किलो, ४५ ने, ३३७. तांदूळ ३ किलो, १३५. डाळी आणि कडधान्यं मिळून पावणेतीन किलो, २७०. त्यात तूरडाळ अगदी थोडी. मसूर, हरभराडाळ, मटकी, चवळी, हुलगे असं फिरवत राहायचं. डाळ म्हणजे तूरच, हे आपल्या डोक्यात बसलंय म्हणून महिन्याचा हिशेब कोलमडतो. शेंगदाणे १ किलो, १३०. तेल १४०. अंडी ३०, २१०. गूळ ३०. मीठ-मसाला १००. भाजी रोज २५ ची, ७५०. दूध रोज पाव लिटर, ४५०.

बेरीज २५५२. बावन्न रुपये वर गेले. पण तू परभणीचा. ज्वारी काय विकत घेतोस? घरचं पोतं नाही का येत?

भाकरी येत नाही तर येऊ नये. तसंही इंडक्शनवर भाकरी नीट फुगत नाही, जाळ लागला की बरी फुगते. तू कण्या कर. गिरणीत ज्वारी भरडून आणायची, पीठ चाळून वेगळं काढायचं. वाटीभर कण्या सकाळी भिजत टाक. रात्री चौपट पाणी आणि मीठ घालून कुकरला पाच-सहा शिट्ट्या. वरून ताक किंवा आमटी. पीठ उरतं त्यात बेसन, कांदा, कोथिंबीर घालून तव्यावर धिरडी घाल.

शेंगदाण्याची चटणी एकदाच कुटून ठेव. पंधरा दिवस काही होत नाही तिला. फ्रिज लागत नाही.

---

हिशेबी | १३ जून, रात्री १०:२५

काकूंच्या यादीची प्रथिनं मोजली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मापाने रोज दर किलो वजनाला ०.८३ ग्रॅम, म्हणजे ५५ किलोला ४६ ग्रॅम. काकूंच्या ताटात २५० ग्रॅम ज्वारीतून २५, ९० ग्रॅम डाळ-कडधान्यातून साधारण २०, ३० ग्रॅम शेंगदाण्यातून ७, अंड्यातून ६. एकूण ५८. तांदूळ-दूध अजून धरलंच नाही.

धान्य तीन भाग आणि डाळ एक भाग ठेवली की दोघांची प्रथिनं एकमेकांची उणीव भरून काढतात. काकूंचं प्रमाण जवळपास तेच निघालं. काकू, कुठे शिकलात?

---

सोलापुरी_काकू | १३ जून, रात्री १०:४०

सासूबाईंकडे. त्या ग्रॅम मोजत नव्हत्या, वाटी मोजायच्या.

---

पिळदार_पक्या | १४ जून, सकाळी ६:०२

सोयाबीन वड्या कशा काय विसरले सगळे? १०० ग्रॅमला ५० च्या वर प्रथिनं. सुट्या घेतल्या तर अंड्यांपेक्षा स्वस्त. गरम पाण्यात दहा मिनिटं, पिळून काढायच्या आणि आमटीत ढकलायच्या. जिममधली पोरं दोन-दोन हजारांचे डबे घेतात, मी तीन वर्षं यावर आहे.

---

नेहमीचाच | १४ जून, सकाळी ९:१५

चवीला मात्र स्पंज. अनुभव.

---

मुक्काम_पोस्ट_जळगाव | १४ जून, दुपारी १२:३०

आमच्या खान्देशात हे सगळं एका भाकरीत बसवलेलं आहे. कळणा. ज्वारी दळतानाच त्यात उडीद टाकायचे, चार-पाच वाट्यांना एक वाटी, आणि थोडं मीठ. धान्य आणि डाळ गिरणीतच एकत्र. वर तेल आणि ठेचा. भाकरी येत नसली तर त्याच पिठाची धिरडी होतील, नाहीतर पिठात लसूण-मिरची घालून पातळ उकड.

अवांतर: विदर्भातल्या मंडळींनी जवसाच्या चटणीबद्दल लिहावं. चियाच्या नावाखाली जे महाग घेतात, त्यातलं बरंचसं जवसात आहे, आणि जवस आपल्या शेतात.

---

गोदाकाठ | १४ जून, रात्री ११:१०

काकू, खरं सांगू? घरी ज्वारीचं पोतं असतं. बाबा दर वेळी म्हणतात घेऊन जा. मीच नेत नाही. एसटीतून पोतं घेऊन स्वारगेटला उतरायचं, मग ते खांद्यावर. रूमवरची पोरं काय म्हणतील, असं वाटतं.

कण्या आमची आजी खायची. दात नव्हते म्हणून खाते, असं आम्हाला वाटायचं.

---

शिधापत्रिका | १५ जून, सकाळी १०:००

एक प्रश्न. घरचं रेशन कार्ड प्राधान्य कुटुंबाचं आहे का? त्यावर तुझं नाव असेल आणि आधार जोडलेलं असेल, तर तुझ्या वाट्याचं ५ किलो धान्य तू पुण्यातल्या कुठल्याही रास्त भाव दुकानातून उचलू शकतोस. एक देश एक रेशन कार्ड हे त्यासाठीच आहे. बोटाचा ठसा द्यायचा. घरच्यांचं उरलेलं धान्य त्यांना गावात मिळतं, तुझ्यामुळे त्यांचं अडत नाही. जानेवारी २०२३ पासून हे धान्य फुकट आहे. परगावी शिकणाऱ्या पोरांना कार्डाचा हा उपयोग कोणी सांगतच नाही.

---

नेहमीचाच | १५ जून, सकाळी १०:२०

रेशनच्या तांदळात प्लॅस्टिक असतं ना? आमच्या गावात पाण्यावर तरंगणारे दाणे सापडले होते. आई निवडून फेकून देते.

---

शिधापत्रिका | १५ जून, सकाळी १०:४५

आईंना आजच फोन करा! ते प्लॅस्टिक नाही. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ मिसळून दाण्याच्या आकाराचे तुकडे बनवायचे आणि शंभर दाण्यांमागे एक या प्रमाणात साध्या तांदळात मिसळायचे (२०२६ मध्ये सरकारने हे तात्पुरतं थांबवलं). रंग थोडा वेगळा असतो, काही तरंगतात. या धाग्यात ज्याची शोधाशोध चाललीये, नेमकं तेच बायका सुपात घेऊन निवडून टाकत आल्या. दोष त्यांचा नाही. पोतं पोचलं, सांगणारं कोणी पोचलं नाही.

---

नेहमीचाच | १५ जून, सकाळी १०:५२

अरे देवा.

---

बोंबील_बहाद्दर | १५ जून, संध्याकाळी ६:३३

सुकट (सुकी मासळी) घे. मूठभर जवळा, कांदा, मिरची, कोकम. दहा मिनिटांत होतो, महिनोन्महिने टिकतो. कॅल्शियम, प्रथिनं, सगळं.

तळटीप: वासामुळे रूम सोडावी लागल्यास मी जबाबदार नाही.

---

यार्डातला_अण्णा | १६ जून, सकाळी ५:५०

सगळे किलो-अर्धा किलोच्या भावात बोलतायत. तिघं-चौघं मिळून गुलटेकडीला मार्केट यार्डात भुसार बाजारात या. एकदम दहा-दहा किलो घ्या आणि वाटून घ्या. किलोमागे दहा-पंधरा रुपये सहज सुटतात. पेठेतल्या दुकानात शंभर ग्रॅम, पाव किलो घेणं म्हणजे शुद्ध वेडेपणा आहे. लोकांना नियोजनच करता येत नाही, मग महागाईच्या नावाने ओरडतात.

---

इचलकरंजीची_लेक | १६ जून, रात्री ८:१५

अण्णा, तुमचा सल्ला या पोरासाठी बरोबर आहे. शेवटच्या वाक्यावर मात्र लिहिल्याशिवाय राहवत नाही.

माझे वडील यंत्रमागावर होते. पगार आठवड्याला. आम्ही पाच माणसं. आमच्या गल्लीतल्या दुकानात पाच रुपयांचं तेल, दोन रुपयांची चहापूड, पाव किलो साखर अशी विक्री चालायची. आईला हिशेब येत नव्हता असं नाही. शिलाईच्या दुकानात बसून ती सगळ्या गल्लीचे हिशेब करायची. दहा किलो एकदम घेतले तर पैसे वाचतात, हे तिला तुमच्याइतकंच कळत होतं. पण दहा किलोचे पैसे एका शनिवारी हातात आले, तर त्याच शनिवारी भाडं, लाईट बिल आणि माझ्या भावाची फी. ज्याच्याकडे आधीच पैसे आहेत त्याला स्वस्त मिळतं, आणि ज्याच्याकडे नाहीत तो तीच डाळ महाग घेतो. वर त्यालाच वेडा म्हणायचं.

मग आईने आणि शेजारच्या चार बायकांनी किराण्याची भिशी काढली. दर आठवड्याला प्रत्येकीने ठरावीक रक्कम टाकायची, आणि ज्या बाईची पाळी येईल तिने ती रक्कम घरी न नेता थेट घाऊक दुकानात न्यायची. पैसे हातात द्यायचेच नाहीत, हा नियम, कारण हातात आले की घरातलं कोणीतरी मागणार. तिच्या पाळीला आमच्या घरी पहिल्यांदा शेंगदाण्याचं पोतं आलं. छोटंच, पण पोतं. आम्ही भावंडं त्यावर बसून अभ्यास केला आहे.

भाजीचं म्हणाल तर आई बाजार उठायच्या वेळेला जायची. फ्लॉवर नाही, फ्लॉवरचा पाला. मुळ्याचा पाला, बीटाचा पाला, कोथिंबिरीचे देठ. विकणारी बाई नुसती उचलून द्यायची. मुळ्याचा पाला बारीक चिरून, मुगाची डाळ घालून, लसणाची फोडणी. आज मी बऱ्या पगारावर आहे, तरी ही भाजी महिन्यातून दोनदा करते. नवरा म्हणतो मुळे टाकून पाला ठेवणारी बाई पहिल्यांदा बघितली.

आणि अजून एक. या धाग्यावर सगळे "भिजत टाक, कुटून ठेव, चाळून काढ" सांगतायत. हा मुलगा एकटा आहे, करेल. पण घरोघरी हे करणारी बाई दिवसभर काम करून आलेली असते. स्वस्त खाण्यातली निम्मी स्वस्ताई तिच्या झोपेतून काढलेली असते. तेवढं लक्षात ठेवून बोला.

---

यार्डातला_अण्णा | १६ जून, रात्री ९:०५

ताई, शब्द मागे घेतो. माझी आईपण सुटंच आणायची, आज विसरलो होतो. भिशीची कल्पना आमच्या हमाल मंडळींना सांगतो.

---

सोलापुरी_काकू | १६ जून, रात्री ९:३०

अगदी खरं लिहिलंस गं. म्हणून तर म्हणते, पोरांना कुकर लावता आलाच पाहिजे.

बाळा, आता पाऊस सुरू होईल. मंडईच्या बाहेर पाट्या घेऊन आजूबाजूच्या गावांतल्या बायका बसतात, त्यांच्याकडे टाकळा, कुर्डू, घोळ येईल. ओळख नसेल तर त्यांनाच विचार कशी करायची, हौसेने सांगतात. आणि लोखंडाची सपाट बुडाची कढई घे, इंडक्शनवर चालते. आमसूल घालून त्यात आमटी उकळलीस तर कढईतलं लोहही थोडं आमटीत उतरतं. मात्र झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढ, नाहीतर काळी पडेल.

---

गोदाकाठ | १७ जून, सकाळी ६:४५

सगळ्यांचे आभार. उद्या दवाखान्यात जातो. पंचमीला गावी जाणार आहे, तेव्हा ज्वारी आणतो.

---

गोदाकाठ | २८ सप्टेंबर, रात्री १०:३०

धागा वर काढतोय. काहीजणांनी व्यक्तिगत निरोपातून विचारलं होतं.

दवाखान्यात जंत निघाले. जंताची गोळी दिली, लोहाच्या गोळ्या चालू आहेत. डॉक्टरांनी त्या अजून तीन महिने घ्यायला सांगितल्या. काल तपासलं, हिमोग्लोबिन १२.८. किती श्रेय गोळ्यांचं आणि किती कण्यांचं, ते पांढरा_कोट सांगतील. मला दुपारची झोप कमी झाल्यासारखी वाटते, एवढं खरं.

पोतं आणलं. स्वारगेटला उतरल्यावर कोणी ढुंकूनही बघितलं नाही. तिथे निम्मी माणसं पोती घेऊनच उतरत होती.

मेस सोडली. रूमवरचे दोघं पहिले पंधरा दिवस हसले, मग एकाने कण्या-आमटी चाखली. आता तिघांचा एक डबा आहे, आणि ज्याची पाळी त्याने सामान भरायचं. ताई, तुमचा पैसे हातात न द्यायचा नियम लावलाय. ऑगस्टमध्ये मला २३४० लागले, चहासकट. चहा दोन केलेत. उधारी १४०० होती, ४०० राहिलीये.

सगळं सुरळीत झालं असं नाही. हुलग्याचं पिठलं दोनदा गुठळ्यांचं झालं. भिजवलेली मटकी एकदा आंबून सगळी फेकावी लागली, तेव्हापासून दोन मुठींच्या वर भिजवत नाही. एकदा कुकरची शिट्टी मसुराच्या सालाने तुंबली, वाफ अडली आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला. छतावर अजून पिवळा डाग आहे. मालकांना गळती वाटते, आम्ही पण तसंच म्हणतोय. परीक्षेच्या आठवड्यात तर सहा दिवस वडापावच होता.

शेवग्याचा पाला कुठे मिळेल? मंडईत शेंगाच दिसतात.

---

नेहमीचाच | २८ सप्टेंबर, रात्री १०:४८

तुमच्या अभ्यासिकेच्या मागच्या गल्लीत, दवाखान्याच्या कंपाउंडला झाड आहे. वॉचमन काकांना विचारून तोड, सकाळी आठच्या आत. मीपण येतो. आणि तुमच्या डब्यात चौथ्याला जागा आहे का?

---

गोदाकाठ | २८ सप्टेंबर, रात्री १०:५१

कुकर तीन लिटरचाच आहे. स्वतःचा आण.